एकाच उन्हाळ्यात दोन खेळ

साशंक : एलिस पेरीच्या क्रिकेटबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिच्या पिढीतली ती सर्वोत्तम अष्टपैलू, हे आधीच मान्य करून टाकतो. माझी हरकत आहे ती तिच्या प्रत्येक परिचयात हमखास येणाऱ्या दुसऱ्या वाक्याला, म्हणजे 'दोन खेळांत चमकलेली खेळाडू' या वाक्याला. आकडे समोर ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघाकडून ती 18 सामने खेळली, 3 गोल केले, आणि 2013 नंतर त्या संघात दिसली नाही. क्रिकेटमधला तिचा 300वा आंतरराष्ट्रीय सामना जानेवारी 2024 मध्ये नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि तिने षटकार मारून तो संपवला. एकीकडे 18, दुसरीकडे 300 आणि अजून मोजणी चालूच. याला दोन खेळांतली कारकीर्द म्हणायचं, की एका खेळातली कारकीर्द आणि तरुणपणी जोपासलेली हौस? मला दुसरं म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं. दोन खेळांत सारखंच मोठं होणं ही गोष्ट लोकांना ऐकायला आवडते, म्हणून ती सांगितली जाते. आणि ती ऐकून घरोघरचे आईबाप, प्रशिक्षक, शाळा नको ते निष्कर्ष काढतात, ही माझी खरी काळजी आहे.

चाहती : हौस म्हणता, तर त्या हौसेचा हिशेब नीट करू. जुलै 2007 मध्ये डार्विनला न्यूझीलंडविरुद्ध ती पहिला एकदिवसीय सामना खेळली, तेव्हा ती 16 वर्षं 8 महिन्यांची होती. पुरुष आणि स्त्रिया दोन्ही धरून ऑस्ट्रेलियाकडून इतक्या लहान वयात आंतरराष्ट्रीय क्रिकेट कुणी खेळलेलं नव्हतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 4 ऑगस्टला, ती हाँगकाँगविरुद्ध फुटबॉलच्या मैदानात उतरली आणि दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. ती शाळेत होती हो त्या वेळी! आता चार वर्षं पुढे या. 2011 चा विश्वचषक जर्मनीत झाला. ऑग्सबर्गमध्ये उपांत्यपूर्व फेरी, समोर स्वीडन, ऑस्ट्रेलिया दोन गोलांनी मागे. कॉर्नर थेट गोलसमोर न मारता जवळच्या खेळाडूकडे सरकवला गेला, तिथून चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर उभ्या असलेल्या पेरीकडे आला, आणि तिने डाव्या पायाने तो वळवत गोलच्या वरच्या कोपऱ्यात घातला. ती काही आघाडीची खेळाडू नव्हती, बचावफळीत खेळायची. ऑस्ट्रेलिया तो सामना 3-1 असा हरला, पण तो एक गोल तिचा होता. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही विश्वचषकांत ऑस्ट्रेलियाकडून खेळलेली ती पहिली. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत जागा हौसेखातर मिळत नाही. तुम्ही 18 आणि 300 एकाच तागडीत घालता आहात. फुटबॉलमध्ये 18 सामने खेळायला मिळावेत म्हणून आयुष्य घालवणाऱ्या आणि एकही न मिळालेल्या मुलींना विचारा, 18 म्हणजे किती ते.

साशंक : गोल अप्रतिम होता, वाद नाही. पण एक गोल आणि कारकीर्द यांत फरक करावा लागतो. पुन्हा तो संघ कोणत्या काळातला होता तेही बघा. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी फुटबॉलपटू मुली वर्षातले काही महिने खेळायच्या आणि उरलेले महिने दुसरी कामं करायच्या. आज त्याच संघातल्या मुली इंग्लंडमध्ये, युरोपात पूर्ण हंगाम खेळतात. 2023 च्या विश्वचषकात घरच्या मैदानांवर त्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. आजच्या संघात वर्षातले निम्मे दिवस क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला जागा मिळेल का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. आणि यात पेरीची गुणवत्ता कमी होती असा अर्थ नाही. खेळाची पातळी वर चढली, इतकंच. कुंपणाची उंची कमी असते तेव्हा दोन मैदानांत उड्या मारता येतात.

आणखी एक. दोन खेळांचा भार शेवटी शरीरच वाहतं. अमेरिकेत बो जॅक्सन होऊन गेला. बेसबॉलमध्ये 1989 च्या ऑल-स्टार सामन्याचा मानकरी, अमेरिकन फुटबॉलमध्येही सर्वोत्तमांच्या संघात निवड झालेला. जानेवारी 1991 मध्ये फुटबॉलच्या एका सामन्यात त्याच्या खुब्याला दुखापत झाली आणि फुटबॉल कायमचा संपला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता. कृत्रिम खुबा बसवून तो बेसबॉलमध्ये परतला, ही जिद्द थोरच. पण पहिल्यासारखा तो पुन्हा कधीच धावला नाही. लोक जॅक्सनची कीर्ती आठवतात, खुबा विसरतात.

चाहती : शरीराचं म्हणाल तर मुंबईचीच आठवण देते. 17 फेब्रुवारी 2013, ब्रेबॉर्न स्टेडियम, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडीज. पेरीचा घोटा दुखावलेला. आधीचे काही सामने तिला बाहेर बसावं लागलं होतं. गोलंदाजीला आली आणि पहिलाच चेंडू टाकायला धावत येताना मध्येच थांबली. परत मागे गेली, पुन्हा धावली, पुन्हा थांबली. पाय टेकवताना होणारी वेदना सीमारेषेवरूनही दिसत होती. मग तिने चेंडू टाकला, आणि टाकत राहिली. 10 षटकं, 19 धावा, 3 बळी. वेस्ट इंडीजची वरची फळी तिथेच मोडली आणि ऑस्ट्रेलिया 114 धावांनी जिंकला. नंतर त्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. हा घोटा तुम्हाला तुमच्या बाजूचा पुरावा वाटेल. पण वेगवान गोलंदाजांचे घोटे फुटबॉल न खेळताही जातात. एकच खेळ खेळणाऱ्यांच्या पाठी, गुडघे, खांदे काय शाबूत असतात? उलट एकच हालचाल लहानपणापासून हजारो वेळा करणाऱ्या शरीराचं काय होतं, हे कुठल्याही अकादमीतल्या पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या पाठीला विचारावं.

आणि एका खेळातलं दुसऱ्यात येतं, हे तुम्ही बघतच नाही. 2010 चा टी-20 विश्वचषक, ब्रिजटाऊन, अंतिम सामना. ऑस्ट्रेलियाच्या 106 धावा. शेवटचा चेंडू उरला, न्यूझीलंडला जिंकायला 5 धावा हव्यात, चौकार गेला तर बरोबरी. गोलंदाज पेरी, वय 19. फलंदाज सोफी डिव्हाईन. तिने चेंडू सरळ, जोरात मारला. खाली वाकून हात घालायला वेळच नव्हता. पेरीने उजवा पाय पुढे केला, चेंडू बुटाला लागून मिडऑनकडे वळला, आणि ऑस्ट्रेलिया 3 धावांनी जिंकला. तो पाय फुटबॉलपटूचा होता.

साशंक : याच गोष्टीची मी वाट बघत होतो, कारण ती सगळे सांगतात. फॉलो-थ्रूमध्ये असलेला कुठलाही गोलंदाज पायाजवळून जाणाऱ्या चेंडूला पाय लावतो. ज्याने जन्मात फुटबॉलला लाथ मारली नाही तोसुद्धा लावतो. कधी चेंडू अडतो, कधी पायाला लागून भलतीकडेच जातो. पेरीचा अडला, म्हणून त्यामागे फुटबॉल दिसला. आता हिशेब पुरा करा. समोर उभी असलेली सोफी डिव्हाईन न्यूझीलंडच्या राष्ट्रीय हॉकी संघातूनही खेळलेली आहे. तो सरळ, जमिनीलगतचा, ताकदवान फटका हॉकीपटूचा होता, असं मी म्हटलं तर? म्हणजे हॉकी विरुद्ध फुटबॉल असा तो चेंडू झाला, आणि फुटबॉल जिंकला? असं बोलण्यात गंमत आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि या डिव्हाईनवरून मला खरा मुद्दा सुचतो. त्याच न्यूझीलंड संघात सूझी बेट्स होती. ती 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल खेळून आलेली. म्हणजे एका अंतिम सामन्यात, दोन संघांत मिळून, दोन खेळांत देशाकडून खेळलेल्या तीन मुली. पुरुषांच्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अशा तिघांची कल्पना करता येते का?

चाहती : नाही करता येत. पण हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला.

साशंक : नाही, ऐका. पुरुषांत अशी माणसं का नाहीत? गुणवत्ता कमी म्हणून नाही. पुरुषांच्या क्रिकेटने त्यांचं सगळं वर्ष विकत घेतलंय. पगार दिला, करार दिला, आणि बदल्यात बाराही महिने घेतले. बायकांच्या क्रिकेटने 2010 मध्ये कुणाचं वर्ष विकत घेतलं नव्हतं, कारण द्यायला पैसेच नव्हते, किंवा द्यायचे नव्हते. म्हणून त्या मुलींचं वर्ष त्यांच्याजवळ शिल्लक होतं. त्यात कुणी हॉकी बसवलं, कुणी बास्केटबॉल, कुणी फुटबॉल. आपण ज्याला पेरीची दुर्मीळ झेप म्हणतो, ती बऱ्याच अंशी त्या उपेक्षेतून मिळालेली मोकळीक होती. तुम्ही जिचं कौतुक करता ती गोष्ट एका अन्यायातून उगवली आहे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

चाहती : हे मला आतून पटतं, आणि म्हणूनच जड जातं. तारखाही तुमच्याच बाजूने बोलतात, त्या लपवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाची महिला फुटबॉल लीग 2008 मध्ये सुरू झाली. पेरी आधी सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडून खेळली, मग कॅनबेरा युनायटेडकडून. ही लीग तेव्हा उन्हाळ्यात असायची, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. क्रिकेटही उन्हाळ्यातच. शनिवारी एक, रविवारी दुसरं, असं काही वर्षं निभलं. 2012 मध्ये कॅनबेरा युनायटेडशी तिचं नेमकं याच प्रश्नावरून फाटलं, क्रिकेटला किती आणि फुटबॉलला किती वेळ द्यायचा यावरून. ती सिडनी एफसीकडे गेली. तिथे तिला थोडी मुभा मिळाली. मग डिसेंबर 2015 मध्ये महिलांची बिग बॅश लीग सुरू झाली, त्याच उन्हाळ्यात. पेरी सिडनी सिक्सर्सची. आणि 2016 मध्ये तिचा क्लब फुटबॉल संपला. एक दार उघडलं, दुसरं बंद झालं, आणि दोन्ही घटना एकाच हंगामातल्या.

पण मला यात तिची निवड दिसत नाही. लोक म्हणतात, 'पेरीने क्रिकेट निवडलं.' तिने निवडलं ते शेवटी. त्याआधी वेळापत्रक तयार करणाऱ्यांनी तिच्यासाठी निवडून ठेवलं होतं. दोन्ही लीग एकाच उन्हाळ्यात बसवताना कुणाच्या मनातही आलं नसेल की या देशात दोन्हीकडे खेळू शकणाऱ्या मुली आहेत. मुली नव्याने मिळालेल्या पगाराबद्दल कृतज्ञ राहतील, असंच सगळ्यांनी धरून चाललं असणार.

साशंक : कृतज्ञ राहायचं कारण होतं! सप्टेंबर 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल संघाने मानधनाच्या वादावरून अमेरिकेचा दौरा नाकारला. काही महिन्यांपूर्वीच कॅनडातल्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठलेला संघ होता तो. आणि 2017 च्या करारात तिथल्या महिला क्रिकेटपटूंच्या वेतनाची तरतूद 75 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 5 कोटी 52 लाखांवर गेली. त्या रकमेने किती मुलींना नोकरी सोडून खेळता आलं याचा विचार करा. एका पेरीला दोन खेळ खेळता यावेत म्हणून शंभर मुलींना बिनपगारी ठेवायचं का? तुम्ही तसं म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग दोन खेळांच्या आठवणींनी गहिवरण्याआधी त्या काळाची किंमत मान्य करावी लागेल.

चाहती : मान्य करते. पगार परत घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईतच वुमेन्स प्रीमियर लीगचा लिलाव झाला. पेरीला बंगळूरूने 1 कोटी 70 लाखांना घेतलं, स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांना. सांगलीत वाढलेल्या मुलीला खेळून इतके पैसे मिळतात, हे बघताना माझा ऊर भरून आला होता. पुढच्याच हंगामात पेरीने 347 धावा काढल्या, त्या स्पर्धेत सर्वाधिक, आणि बंगळूरू जिंकलं. या पैशाबद्दल माझ्या मनात खंत नाही.

माझा प्रश्न इतकाच, की पगाराच्या बदल्यात सगळं वर्ष द्यायचं, हे कुणी ठरवलं? आपल्याकडे एक वेगळी रीत होती, तिच्याकडे बघा. चुनी गोस्वामी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघाचे कर्णधार. आणि हेच गृहस्थ 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कर्णधार म्हणून मुंबईत, ब्रेबॉर्नवर, आपल्या मुंबईविरुद्ध उतरले. पोटापाण्यासाठी ते स्टेट बँकेत होते. त्यांचा पगार कुठल्या क्लबच्या वेळापत्रकाला बांधलेला नव्हता. कोलकात्यात फुटबॉल पावसाळ्यात, क्रिकेट हिवाळ्यात. नोकरी बँकेची, आणि वर्ष त्यांचं स्वतःचं. म्हणजे उपेक्षा आणि बारा महिन्यांची खरेदी, यांच्यामध्ये तिसरी वाट होती. आपणच ती हळूहळू बुजवली.

साशंक : गोस्वामींचं उदाहरण सुंदर आहे, पण पूर्ण सांगा. आंतरराष्ट्रीय फुटबॉल त्यांनी 1964 मध्येच सोडला. क्रिकेटमधली मोठी वर्षं त्यानंतरची. म्हणजे तिथेही एकामागून एक, बरोबरीने फार थोडा काळ. आणि भारताकडून क्रिकेट ते कधी खेळले नाहीत. ज्यांना दोन्हीकडे एकदम बोलावणं आलं, त्यांचं काय झालं? मद्रासचे एम. जे. गोपालन घ्या. क्रिकेट आणि हॉकी दोन्ही देशाकडून खेळलेले. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या हॉकी संघाची संधी समोर होती, आणि त्याच वर्षी क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा. त्यांनी दौरा निवडला. इंग्लंडमध्ये एकाही कसोटीत त्यांना खेळवलं नाही, आणि बर्लिनमध्ये भारताने सुवर्णपदक जिंकलं. दोन खेळ येणाऱ्या माणसाच्या वाट्याला असंही येतं. एक खेळ येणाऱ्याला निदान चुकीची निवड करता येत नाही.

चाहती : पण त्याच दौऱ्यावर गोपालन यांच्याबरोबर कोटा रामस्वामी होते. 1922 मध्ये डेव्हिस कपला भारताकडून टेनिस खेळलेले. वयाची चाळिशी गाठलेले रामस्वामी मँचेस्टरला पहिली कसोटी खेळले आणि 40 आणि 60 धावा केल्या. एका दौऱ्यावर दोन माणसं. एकाचा दुसरा खेळ हुकला, दुसऱ्याला तो उतारवयात पावला. यातून नियम काढता येत नाही, हेच मला म्हणायचं आहे. तुम्ही प्रत्येक वेळी खर्चाची वही उघडता आणि जमेचं पान चिकटवून ठेवता.

पेरीच्या जमेचं पान बघा. ती क्रिकेटमध्ये आली वेगवान गोलंदाज म्हणून, फलंदाजीला तळाशी यायची. पुढे ती वरच्या फळीतली फलंदाज झाली, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नॉर्थ सिडनी ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद 213 धावा केल्या. तिच्या कारकीर्दीतलं मला सगळ्यात थक्क करणारं वळण हे आहे, फुटबॉलचा गोलही नाही. पंचविशीच्या आसपास माणूस आपली मुख्य कला बदलतो कसा? ज्याला नवशिका व्हायची लाज वाटत नाही त्यालाच ते जमतं. एका आठवड्यात बचावपटू आणि दुसऱ्या आठवड्यात गोलंदाज, असं जगलेल्या मुलीला ती लाज उरली नसावी.

साशंक : तारीख तुम्हीच दिलीत. द्विशतक 2017 चं, फुटबॉल सुटलं 2016 मध्ये. म्हणजे एक खेळ सोडल्यावर दुसरा फुलला, असंही वाचता येतं. ती सगळी ऊर्जा एका जागी आली, आणि काय घडलं ते दिसलं.

चाहती : वाचता आलं असतं, मधली वर्षं नसती तर. 2014 ते 2016 या काळात एकदिवसीय सामन्यांत ती अर्धशतकांमागून अर्धशतकं करत होती आणि त्याच वर्षांत सिडनी एफसीच्या संघात होती. फलंदाज घडली ती तेव्हाच. 213 हे त्या घडण्याचं फळ होतं.

साशंक : बरं. हे मी परतवू शकत नाही. पण मग मला ज्याची काळजी आहे तिथे येऊ, म्हणजे आपल्या मुलांपाशी. पेरी सिडनीच्या उत्तरेकडच्या सुस्थित वस्तीत वाढली, पिंबल लेडीज कॉलेजसारख्या, मैदानं आणि प्रशिक्षक असलेल्या शाळेत शिकली. तिथे दोन खेळ खेळायचे म्हणजे एका मैदानातून दुसऱ्या मैदानात जायचं. आपल्याकडे डोंबिवलीची मुलगी पहाटेची लोकल पकडून, पाठीवर किटबॅग घेऊन सरावाला येते, तिथून शाळा, तिथून क्लास. दोन खेळ म्हणजे दोन किट, दोन फिया, दोन दिशांचा प्रवास. बाप रिक्षा चालवत असेल तर एकाच खेळाचे बूट परवडताना नाकी नऊ येतात. त्या घराला 'सगळे खेळ खेळू द्या' हा सल्ला देणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्यांना एकच पैज लावता येते. ती लवकर आणि पूर्ण लावणं हेच त्यांच्या दृष्टीने शहाणपण आहे.

चाहती : ही पैज हरली जाते तेव्हा त्या मुलीकडे काय उरतं? शंभर मुलींनी आठव्या वर्षी एकच खेळ धरला तर नव्व्याण्णव कुठेतरी गळणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसरा खेळ ही श्रीमंतांची चैन आहे असं तुम्ही धरलंय, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बघा. तिथली मुलगी खो-खो खेळते, कबड्डी खेळते, लांब उडी मारते, आणि धावण्याच्या शर्यतीत अनवाणी पहिली येते. तिला कुणी एक खेळ निवडायला सांगितलेलं नसतं. निवडायला सांगतो तो शहरातला अकादमीवाला, कारण त्याला बारा महिन्यांची फी हवी असते. मुंबईने तर पावसाळासुद्धा क्रिकेटला देऊन टाकला. कांगा लीगवर माझं प्रेम आहे, ओल्या खेळपट्टीवर खेळून इथले फलंदाज तयार झाले हेही खरं. पण कोलकात्याने पावसाळा फुटबॉलसाठी राखला म्हणून त्यांना एक चुनी गोस्वामी मिळाले, हेही तितकंच खरं आहे.

आणि आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. जेमिमा रॉड्रिग्ज. भांडुपला वाढली, वांद्र्याला खेळली, महाराष्ट्राच्या 17 वर्षांखालच्या हॉकी संघात होती. तिलाही एक दिवस एक खेळ ठेवावा लागला, पण तोपर्यंत तिचं मनगट, तिची धाव, तिची मैदानातली नजर दोन खेळांनी घडवलेली होती. 30 ऑक्टोबर 2025 ला डी. वाय. पाटीलवर विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. ऑस्ट्रेलियाच्या 338, त्यांत पेरीच्या 77. आणि जेमिमाच्या नाबाद 127. एक जण दोन खेळ देशाकडून खेळलेली, दुसरी दुसऱ्या खेळाच्या उंबरठ्यावरून परतलेली. त्या दिवशी परतलेली जिंकली.

साशंक : आणि ती हॉकीमुळे जिंकली असं तुम्ही म्हणणार नाही, अशी आशा आहे.

चाहती : नाही म्हणणार. तुमचं मघाचं पाय आणि फटक्याबद्दलचं बोलणं मला पटलंय. कुठला गुण कुठून आला याचा पुरावा देता येत नाही. मी फक्त एवढं म्हणते, की हॉकी खेळल्यामुळे ती मागे पडली नाही. आठव्या वर्षी सगळं सोडून एकच धरलं नाही तर मूल मागे पडतं, या भीतीवर आपल्या कितीतरी अकादम्या चालतात. ती भीती खोटी आहे, हे सांगायला जेमिमा पुरेशी आहे. त्यासाठी पेरीही लागत नाही.

साशंक : मग पेरीची कारकीर्द आपल्याला नेमकं काय सांगते? लहानपणी अनेक खेळ खेळावेत, हे मला आता मान्य आहे, आणि ते मी आधी पुरेसं मानत नव्हतो. पण तो लहानपणाचा प्रश्न झाला. पेरीचा प्रश्न मोठेपणीचा होता. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी देशाच्या दोन संघांत उभं राहायचं, त्याचा. तिथे माझं मत तसंच आहे. आजच्या व्यावसायिक खेळात ते शक्य नाही. ॲश बार्टीचं बघा. टेनिसमधून थांबली, 2015-16 मध्ये ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली, टेनिसमध्ये परतली, आणि मग फ्रेंच, विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन अशी तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदं. तिनेही दोन खेळ एकदम केले नाहीत. एक बाजूला ठेवला तेव्हाच दुसरा हातात घेतला. पुढच्या पिढीला वाट असेल तर ती ही. बरोबरीची वाट बंद झाली आहे.

चाहती : बार्टीला परत घेणारं टेनिस होतं, कारण टेनिसमध्ये मालक नाही, करार नाही. थांबायचा निर्णय तिचा, परतायचाही तिचाच. संघाच्या खेळात अशी वर्षभराची सुट्टी मागून बघा. वाट बंद झाली हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण ती आपोआप बंद झालेली नाही. माणसांनी वेळापत्रकं लिहून ती बंद केली, आणि माणसांनीच लिहिलेलं वेळापत्रक बदलताही येतं. दोन लीग दोन वेगळ्या ऋतूंत ठेवता येतात. करारात चार महिने खेळाडूचे म्हणून सोडता येतात. पगारही राहील आणि वर्षाचा एक तुकडाही खेळाडूकडे राहील. हे अशक्य आहे असं मला अजून कुणी पटवलेलं नाही.

साशंक : अशक्य नाही. पण जो मालक दीड-दोन कोटी देतो तो चार महिने का सोडेल, याचं उत्तर तुमच्याकडे नाही, आणि माझ्याकडेही नाही. ते मिळेपर्यंत मी मुलीच्या बापाला एवढंच सांगेन, की आठव्या वर्षी निवडू नका. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मात्र तुम्ही नाही निवडलं तर दुसरं कुणीतरी निवडेल, याची तयारी ठेवा.

चाहती : आणि मी खेळ चालवणाऱ्यांना सांगेन, की त्या मुलीला निवडायला लावायच्या आधी निदान तिचं दुसरं वेळापत्रक एकदा वाचून बघा. पेरीला तिच्या क्लबने हा प्रश्न विचारला तेव्हा ती 21 वर्षांची होती. तिच्यानंतर ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही विश्वचषक खेळणारी दुसरी मुलगी आजवर झालेली नाही.